‘सुपरस्टिशन’ मराठवाड्याच्या वाद्यांवर कसे बसवावे

अमेरिकी गायक-वादक स्टीव्ही वंडर यांचे ‘सुपरस्टिशन’ (म्हणजे अंधश्रद्धा) हे फंक या ठेकाप्रधान अमेरिकी संगीतातील सर्वाधिक वाजवल्या गेलेल्या गाण्यांपैकी एक आहे. लातूर, बीड, परभणी किंवा नांदेडच्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात ते बसवायचे ठरले, तर बहुतेक पथके यूट्यूबवरचा कराओके ट्रॅक उचलतात, त्यावर दोन गायक उभे करतात आणि काम झाले असे मानतात. तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. या गाण्यात लागणारा जवळजवळ प्रत्येक आवाज आपल्या भागातल्या हलगीवाल्याकडे, बेंजो पार्टीत आणि लग्नाच्या बँडमध्ये उपलब्ध आहे. फक्त ज्या क्रमाने ते गाणे मुळात घडले, त्याच क्रमाने ते बसवले पाहिजे. तो क्रम तळापासून वर जाणारा आहे. आधी ठेका, मग त्यावर तारेच्या आवाजाचा साचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून येणारी छोटी सुरावट, त्याखाली खर्जाचा आधार, नंतर फुंकवाद्ये आणि सर्वांत शेवटी गळा. आपल्याकडे गाणे बसवताना आपण आधी चाल आणि शब्द पाठ करतो आणि ठेका मागून जोडतो. फंकमध्ये ही सवय अडचणीची ठरते.

गाण्याला हात घालण्याआधी त्याची जन्मकथा सर्व वादकांना सांगावी, कारण कोणी काय वाजवायचे याचे अर्धे निर्णय त्या कथेतूनच होतात. १९५० साली जन्मलेले आणि जन्मानंतर लगेचच दृष्टी गमावलेले वंडर लहानपणापासून मोटाऊन या कंपनीसाठी गात होते. १९७१ साली ते २१ वर्षांचे झाले, तेव्हा त्यांनी जुना करार संपवून स्वतःच्या संगीतावर स्वतःचा अधिकार राहील असा नवा करार मिळवला. त्याच काळात रॉबर्ट मार्गुलेफ आणि माल्कम सेसिल या दोन तंत्रज्ञांनी उभारलेल्या ‘टोंटो’ नावाच्या अवाढव्य सिंथेसायझरची त्यांना ओळख झाली आणि तिघे मिळून काम करू लागले. इंग्लंडचे गिटारवादक जेफ बेक यांना वंडर यांच्याबरोबर काम करायचे होते, आणि त्या बदल्यात वंडर त्यांना एक गाणे देणार होते. बेक सहज ड्रमवर बसून एक ठेका वाजवत असताना वंडर यांना या गाण्याचा मुख्य साचा सुचला, असे बेक यांच्याकडून सांगितले गेले आहे. गाणे त्यांनाच द्यायचे होते. पण मोटाऊनने त्यातली ताकद ओळखली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये ते वंडर यांच्याच आवाजात बाजारात आणले. बेक यांच्या गटाची आवृत्ती १९७३ साली, म्हणजे मूळ गाणे गाजून गेल्यावर आली. ड्रम, क्लॅव्हिनेट हे कळपट्टीचे वाद्य, मूग सिंथेसायझरवरचा खर्ज आणि गायन हे सारे ध्वनिमुद्रणात एकट्या वंडर यांचे आहे. बाहेरचे वादक दोनच आहेत: टेनर सॅक्सोफोनवर ट्रेव्हर लॉरेन्स आणि ट्रम्पेटवर स्टीव्ह मडायो.

एकाच माणसाने सर्व भाग एकावर एक चढवलेले असल्यामुळे प्रत्येक भाग दुसऱ्यासाठी जागा सोडतो. आपल्या पथकात सात-आठ वादक असतील, तर ही जागा सोडण्याची शिस्त मुद्दाम लावावी लागते. उजळणीच्या पहिल्याच बैठकीत सर्वांना हेडफोन लावून मूळ गाणे ऐकवावे. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि वादकांचा असा समज होतो की गाणे म्हणजे वरचा खडखडाटच. प्रत्येक वेळी एकाच वाद्याकडे कान द्यायला सांगावे, आणि आपले वाद्य कुठे थांबते हे वादकाला हाताने दाखवता आल्याशिवाय त्याला ते हातात देऊ नये.

ठेका

आता मुख्य कामाकडे येऊ, आणि या भागावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. गाण्याची गती मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांची आहे. चार ठोक्यांचे एक आवर्तन आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग धरले, तर एका आवर्तनात १६ सूक्ष्म मात्रा येतात. तबला शिकलेल्या मुलाला हे तीनतालाच्या हिशेबात लगेच समजते. पायाने वाजणारा मोठा ड्रम १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर, म्हणजे तीनतालाच्या चारही विभागांच्या आरंभी पडतो. स्नेअर या काडीने वाजवायच्या लहान ड्रमचा कडक आघात ५ आणि १३ वर येतो. तीनतालात जिथे दुसरी आणि तिसरी टाळी येते, नेमक्या त्याच या जागा आहेत. तीनतालातली खाली ९ व्या मात्रेवर असते, आणि इथेही त्या जागी स्नेअर गप्प असतो. हे साम्य केवळ मोजणीपुरते आहे, दोन परंपरांचे नाते सांगण्यासाठी मी ते आणलेले नाही. पण शिकवताना त्याचा फार उपयोग होतो.

ठेक्यातली खरी कारागिरी हाय-हॅटमध्ये, म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या दोन लहान झांजांमध्ये आहे. तिथल्या सूक्ष्म मात्रा समान लांबीच्या नाहीत. जोडीतली पहिली थोडी लांब आणि दुसरी थोडी आखूड पडते, त्यामुळे लय सरळ न चालता डोलते. शिवाय वंडर तोच नमुना यंत्रासारखा पुन्हा पुन्हा वाजवत नाहीत. दर काही आवर्तनांनी हाताने लहानसा बदल करतात आणि परत मूळ चालीवर येतात. ड्रमच्या तयार लूपवर हे गाणे मेल्यासारखे वाटते त्याचे कारण हेच आहे.

हाय-हॅटचे हे काम हलगीकडे द्यावे. हलगीवादकाच्या एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक, लवचिक काडी असते. बारीक काडीने डोलत्या सूक्ष्म मात्रा आणि जाड टिपरूने ५ व १३ वरचा आघात, अशी विभागणी केली की एकच वादक दोन भाग सांभाळतो. मोठ्या ड्रमसाठी बँडमधला मोठा ढोल किंवा महाविद्यालयात असलेल्या ड्रमसेटचा पायाचा ड्रम घ्यावा. हलगी एकच असावी. दोन हलग्या समोरासमोर आल्या की जुगलबंदी सुरू होते, घाई लागते, आणि मिनिटाला १०० ठोक्यांचे गाणे पाहता पाहता १२० वर जाते. घाई हे हलगीचे वैभव आहे, मिरवणुकीत तिच्यासारखे दुसरे काही नाही. या गाण्यात मात्र तिला पूर्ण मज्जाव करावा. मोबाइलवरचा मेट्रोनोम हलगीवादकाच्या कानात घालून सलग दहा मिनिटे केवळ हा ठेका धरून ठेवण्याचा सराव करून घ्यावा. दहा मिनिटांनंतर गती तीच राहिली, तरच पुढच्या वाद्याला बोलवावे. कातड्याची हलगी असेल, तर पावसाळी हवेत ती उतरते, म्हणून रंगमंचावर जाण्यापूर्वी ती शेकून घ्यावी. फायबरच्या हलगीला ही चिंता नाही, पण तिचा आवाज जास्त टोचणारा असल्यामुळे माइक थोडा लांब ठेवावा.

फंकमध्ये समेला विशेष मान आहे. या संगीताचा पाया १९६० च्या दशकाच्या मध्यात जेम्स ब्राउन यांनी घातला, आणि आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सर्वांनी एकत्र यावे हा त्यांचा आग्रह पुढच्या साऱ्या फंक वादकांनी उचलला. भजनात वाढलेल्या मुलांना समेवर येणे वेगळे शिकवावे लागत नाही. मध्ये कितीही आडवळणाने गेले तरी समेवर सर्व वाद्ये भेटली पाहिजेत, एवढे त्यांना सांगितले की पुरते.

बेंजो आणि क्लॅव्हिनेट

गाण्याची ओळख असलेला तो खरखरीत, तुटक साचा क्लॅव्हिनेटवर वाजवलेला आहे. जर्मनीच्या होनर कंपनीच्या या वाद्यात कळपट्टी असते, पण आत पोलादी तारा असतात. कळ दाबली की तिच्याखालचा रबराचा तुकडा तार खालच्या धातूवर दाबतो, आणि तारेचे कंपन विद्युत-चुंबकीय पिकअपमधून अॅम्प्लिफायरकडे जाते. आता आपल्या बेंजोकडे पाहावे. गणपतीच्या आणि वरातीच्या बेंजो पार्टीत वाजणाऱ्या त्या वाद्यातही तारा आहेत, टाइपरायटरसारख्या कळा आहेत, पिकअप आहे आणि आवाज अॅम्प्लिफायरमधूनच येतो. फरक इतकाच की बेंजोची तार उजव्या हातातल्या पट्टीने छेडावी लागते. हार्मोनियम या कामाला चालत नाही, कारण तिचा स्वर भात्याच्या हवेने लांबतो आणि या साच्याला स्वर तुटायला हवा असतो. मराठवाड्यातल्या पथकाने क्लॅव्हिनेटचा भाग बेंजोला द्यावा, ही या लेखातली माझी सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

त्यासाठी बेंजोत दोन बदल करावे लागतात. सतत घुमणाऱ्या आधाराच्या तारा बंद कराव्यात, नाहीतर प्रत्येक स्वरामागे षड्ज गुंजत राहतो आणि तुटकपणा येत नाही. दुसरे म्हणजे, घोडीजवळ तारांमधून लोकरीचा धागा किंवा मऊ कापडाची पट्टी विणून घालावी, म्हणजे स्वर उमटताच दबतो. खुद्द क्लॅव्हिनेटमध्येही कळ सोडल्यावर तार गप्प व्हावी म्हणून तारांच्या टोकाला धागाच गुंफलेला असतो. धागा किती घट्ट असावा हे करून पाहूनच ठरते. जास्त घट्ट झाला तर स्वर ओळखू येत नाही.

स्वरांच्या बाबतीत हे गाणे आपल्या वादकांना आश्चर्यकारकरीत्या सोपे आहे. मूळ गाणे ई-फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोनमध्ये आहे. मुख्य साचा सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी या पाच स्वरांभोवती फिरतो. राग धानीचे स्वर हेच. काळी दोनला सा धरला की हे पाचही स्वर कळपट्टीच्या पाच काळ्या पट्ट्यांवर येतात. ज्याने धानी गायला किंवा वाजवला आहे, त्याचा हात या साच्यात चटकन बसतो, मात्र त्याने मींड आणि आंदोलन पूर्णपणे विसरावे. इथे स्वर खेचायचा नाही, टोचायचा आहे.

ध्वनिमुद्रणात क्लॅव्हिनेटचा एकच थर नाही. मुख्य साच्याच्या फटींमध्ये दुसरे थर लहान उत्तरे देत राहतात, आणि कानाला जो एक सलग गुंता वाटतो तो या थरांच्या विणीतून तयार होतो. म्हणून बेंजोने मुख्य साचा धरावा आणि कीबोर्डवादकाने उत्तरे द्यावीत. साध्या कीबोर्डमध्येही क्लॅव्हिनेटचा आवाज असतोच. जनरल मिडी या कीबोर्डच्या आवाजांच्या प्रमाणित यादीत तो आठव्या क्रमांकावर सापडतो. दोघांनी एकाच वेळी तोच साचा वाजवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे आणि ती पहिल्या दिवशीच थांबवावी. कीबोर्डच्या डाव्या हाताने सिंथ बेसच्या आवाजात खर्जाचा भाग घ्यावा. बँडमध्ये युफोनियम हे खर्जाचे पितळी फुंकवाद्य चांगले वाजवणारा कोणी असेल, तर त्याला हा भाग देऊन पाहायला हरकत नाही, कारण मूगचा खर्जही तसाच गोल आणि भरीव आहे.

कडव्याच्या शेवटी मात्र पाच काळ्या पट्ट्यांचा आसरा सुटतो. तिथे सुरावटीचा पाया पंचमावर जातो, अर्ध्या स्वराने वर-खाली सरकतो आणि पुन्हा पंचमावर येऊन षड्जाकडे परततो. गाण्याचा ताण साठतो तो याच ठिकाणी. इथे बेंजोने थांबावे आणि कीबोर्ड व फुंकवाद्यांनी ओळ सांभाळावी, कारण सुरावटीचे हे सरकते गट बेंजोवर नीट उमटत नाहीत.

फुंकवाद्ये

लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे कलाकार आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे फार आहे. अडचण वेळेची असते. स्नेहसंमेलने बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झालेली असते. म्हणून विद्यार्थ्यांची या कलाकारांकडची तालीम चातुर्मासात, गणपती आणि नवरात्राच्या मिरवणुकांचे दिवस वगळून, आधीच उरकून घ्यावी आणि त्यांना त्यांच्या वेळेचे रीतसर मानधन द्यावे. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये बी-फ्लॅटची असल्यामुळे काळी दोनमधले गाणे त्यांना पांढरी चारमधून वाजवावे लागते. हे आधी सांगितले नाही, तर पहिली बैठक सूर जुळवण्यातच जाते. मूळ गाण्यात दोनच फुंकवाद्ये आहेत आणि ती बराच काळ गप्प राहून नेमक्या जागी एकत्र येतात. पाच-सहा वादक हाताशी असले तरी रंगमंचावर दोघांनाच उभे करावे.

शब्द, निवेदन आणि प्रेक्षक

गाण्याचे शब्द अंधश्रद्धेवर आहेत. पडायला आलेली शिडी, फुटलेला आरसा आणि सात वर्षांचे दुर्दैव, तेराचा आकडा, असे पाश्चात्त्य समज त्यात येतात, आणि समजून न घेता एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवला तर माणूस भोगतो, असा त्याचा आशय आहे. करणी, उतारा आणि भानामती या शब्दांनी मराठवाड्यात किती घरांची झोप उडवली, किती बायकांना गावाच्या संशयाचे धनी केले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यामागे दीर्घ लोकचळवळ होती. अशा भूमीत हे गाणे केवळ नाचण्यापुरते वाजवले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तरीही शब्दांचे मराठी भाषांतर करून गाऊ नये. भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी गाणे सादर करण्याला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलेल्या किंवा सार्वजनिक कार्यक्रमासाठी मात्र परवान्याची चौकशी आधी करावी. त्याऐवजी गाण्यापूर्वी दीड-दोन मिनिटांचे मराठी निवेदन ठेवावे. त्यात मांजर आडवे जाणे, दाराला लिंबू-मिरची बांधणे अशी आपली उदाहरणे घ्यावीत आणि गाण्याचा आशय साध्या वाक्यांत सांगावा. कोणाच्याही देवाची किंवा व्रताची टिंगल करू नये. वंडर यांनी स्वतः इतर गाण्यांत देवाचे नाव आदराने घेतले आहे, आणि या गाण्याचा सूरही सावध करणाऱ्या मित्राचा आहे. निवेदनात १९७२ हे साल सांगताना, आपल्या आजी-आजोबांनी ज्या वर्षीचा दुष्काळ सोसला तेच हे वर्ष, एवढे म्हटले की सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना काळ चटकन उमगतो.

गाण्याचे स्वागत कसे झाले, यातूनही सादरीकरणासाठी शिकता येते. १९७२ च्या उन्हाळ्यात वंडर यांनी रोलिंग स्टोन्स या गटाच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्याआधी गायन केले, आणि एरवी त्यांच्या कार्यक्रमाला न येणारा गोरा रॉकप्रेमी श्रोता त्यांच्यासमोर आला. पुढे जानेवारी १९७३ च्या अखेरीस हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९६३ साली बालकलाकार म्हणून मिळवलेल्या यशानंतर त्यांचे हे पहिलेच अव्वल गाणे होते. १९७४ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला रिदम अँड ब्लूज विभागातले दोन पुरस्कार मिळाले. १९७३ मध्येच ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमात वंडर यांनी आपल्या वाद्यवृंदासह ते प्रत्यक्ष वाजवले. त्या चित्रफितीत मुले कठड्यावर आणि जिन्यात मनमुराद डोलताना दिसतात, आणि पथकाने ती एकदा एकत्र बसून जरूर पाहावी. रॉकचा श्रोता, नाचणारी तरुण मंडळी आणि मुले या तिघांपर्यंत गाणे नेण्यासाठी वंडर यांनी स्वतः त्यांच्यासमोर जाण्याचे कष्ट घेतले होते. आपणही स्नेहसंमेलनाआधी गाणे एकदा शाळेच्या मैदानावर आणि एकदा वसतिगृहाच्या अंगणात वाजवावे. कोणत्या जागी माणसे डोलू लागतात आणि कुठे त्यांचे लक्ष उडते, हे तिथे स्पष्ट दिसते.

प्रेक्षकांना टाळ्या कुठे द्यायच्या हेही शिकवावे लागते. आपला श्रोता स्वाभाविकपणे समेवर आणि आवर्तनाच्या मध्यावर, म्हणजे १ आणि ९ वर टाळी देतो. या गाण्याला टाळी ५ आणि १३ वर हवी. गाणे सुरू होताना केवळ हलगी आणि ढोल वाजू द्यावेत, पुढच्या रांगेत पथकातली चार-पाच मुले बसवावीत आणि त्यांनी १ व ९ वर पाय, ५ व १३ वर टाळी असे करून दाखवावे. दोन-चार आवर्तनांत सभागृह त्यांच्या मागे येते, आणि मगच बेंजोने साचा सुरू करावा.

गायकाने अखेरीस यावे आणि आवाज लावताना शब्द फेकावेत, लांबवू नयेत. गाण्याची पट्टी उंच आहे. काळी दोन झेपत नसेल तर सर्व वाद्यांची पट्टी उतरवण्यापेक्षा गायक बदलणे बरे, कारण पट्टी उतरली की बेंजोच्या तारा सैल होतात आणि साच्यातला तिखटपणा जातो.

शेवटाचा प्रश्न राहतो. ध्वनिमुद्रण साडेचार मिनिटांच्या आत हळूहळू विरत जाते, आणि रंगमंचावर तसे विरता येत नाही. तिथे आपली तिहाई उत्तम बसते. एका आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून पाच आघातांचा तुकडा घ्यावा, एक मात्रा मोकळी सोडावी, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक मात्रा मोकळी, आणि तिसऱ्यांदा तोच तुकडा वाजवला की त्याचा पाचवा आघात बरोबर सतराव्या, म्हणजे पुढच्या समेच्या मात्रेवर पडतो. हा तुकडा हलगीने एकटीने सुरू करावा, दुसऱ्या वेळी तिच्यात बेंजो आणि कीबोर्ड मिळवावेत, आणि तिसऱ्या वेळी ट्रम्पेट व सॅक्सोफोनसह सर्वांनी काळी दोनच्या षड्जावर एकत्र येऊन त्याच क्षणी वाद्यांवर हात ठेवून ती बंद करावीत.